नखाएवढा जिना

ओहोटीला गुहागरच्या किनाऱ्यावर चालताना माझी नजर समुद्राकडे नसतेच, पायाखाली असते. परवा भरतीने टाकलेल्या काटक्या, फुटके खुबे आणि जाळ्याच्या निळ्या दोरीच्या गुंत्यात एक पांढरा शंख सापडला. करंगळीच्या नखाएवढा, निमुळता. वेढ्यावर वेढे आणि त्यांवर पात्यासारख्या उभ्या कडा. घरी भिंगाखाली सुईच्या टोकाने मोजल्या. शेवटच्या वेढ्यावर नऊ.

या कुळाला इंग्रजीत वेंटलट्रॅप म्हणतात. शब्द मूळचा डच, अर्थ गोल जिना. मला गिरगावातल्या मामाच्या चाळीमागचा लोखंडी जिना आठवला; त्यावर खेळलं की हमखास मार मिळे.

कडा मला नक्षी वाटल्या होत्या. पण ही गोगलगाय वाढता वाढता मध्येच थांबते आणि शंखाच्या तोंडाचा काठ जाड करून बाहेर वळवते. पुन्हा वाढू लागली की तो काठ तिथेच राहतो, नवं तोंड पुढे सरकतं. म्हणजे मी मोजल्या त्या जुन्या दारांच्या चौकटी! आमच्या वाडीतही घर वाढवताना आधीची चौकट न काढणारे आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात जायला तीन उंबरठे ओलांडावे लागतात.

घर असं नाजूक, पण बाईंचा आहार म्हणजे दंश करणारी समुद्रफुलं, फुलासारखे दिसणारे प्राणीच ते. छेडलं तर बाई जांभळा रस सोडतात.

हिची थोरली बहीण हिंदी-प्रशांत महासागरांतली. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये तिचं नामकरण केलं. तिचे वेढे एकमेकांना टेकतच नाहीत, कडांनीच धरून ठेवलेले असतात. अठराव्या शतकात युरोपातले हौशी लोक तिच्या शंखासाठी वाटेल ती किंमत मोजत. चिनी कारागीर तांदळाच्या खळीचे नकली शंख करून विकत, अशीही एक कथा आहे. तसा एकही नग आजवर कुणाला दाखवता आलेला नाही. मला तर ती थापच वाटते. आजी लुगड्यांना तांदळाची खळ करायची, तिचं भांडं रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी झुरळांची पंगत बसलेली असे. खळीचा शंख कोकणातला एक पावसाळा तरी काढेल का?

शंख काडेपेटीत कापसावर ठेवला आणि मामाला फोटो पाठवला. जिन्याची आठवणही लिहिली.

त्याचं उत्तर आलं, "तो कधीच भंगारात गेला. किलोवर."