व्हरायटी चौक, 'घायल' आणि महालातली मोठी मामी

नागपुरात चौकांची नावं टॉकीजवरून पडली आहेत. व्हरायटी चौक, लिबर्टी चौक, पंचशील चौक. ऑटोवाल्याला नुसतं "लिबर्टी" म्हटलं की तो सदरकडे वळतो, पुढे काही विचारत नाही.

स्टेशनवरून मेट्रोनं सीताबर्डीला आले. धाकटा मामा घ्यायला आला होता. व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी थांबून तो एकेका दिशेला हात करत कुठे कोणता पिच्चर पाहिला ते सांगत सुटला. सिनेमाच्या धंद्यात हा मुलूख अजूनही 'सी. पी. बेरार' (इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर) म्हणून ओळखला जातो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तो प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण पिच्चरचे हक्क विकताना जुनाच नकाशा चालतो. मला हे फार आवडलं. राजधानीपण गेलं तरी पडद्यावर या गावाचा वेगळा हिशेब उरला आहे.

मामाचा जीव मात्र एकाच पिच्चरमध्ये अडकलेला, 'घायल'. २२ जून १९९० ला लागलेला. राजकुमार संतोषींचा पहिलाच सिनेमा, निर्माता धर्मेंद्र. त्याच दिवशी आमिर-माधुरीचा 'दिल'ही आला होता. कॉलेजातली पोरं तिकडे पळाली आणि मामा इकडे, असं तो अभिमानानं सांगतो. 'घायल'ला पुढे फिल्मफेअर आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले, हे सांगताना तर जणू ते त्याच्याच घरी आले आहेत.

कसंही करून कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले (हरभऱ्याची झणझणीत तर्री, वरून चिवडा आणि कांदा, सकाळी हेच खावं), आणि दुपारी महाल नावाच्या भागात मोठ्या मामीकडे गेलो. खरा प्रवास इथेच झाला.

शिकायला म्हणून मामा काटोलहून नागपूरला आला तो थोरल्या भावाच्या घरी. दोन खोल्या, सामायिक नळ. तिकिटाचे पैसे मामीच द्यायची, रॉकेलच्या पैशातून बाजूला काढून. पिच्चरमध्येही तेच घर आहे. अजय मेहरा (सनी देओल) बॉक्सर, वडिलांसारखा भाऊ अशोक, आणि आईसारखी वहिनी इंदू. मीनाक्षी शेषाद्रीची वर्षा आहे, प्रेम आहे, पण कथेचा कणा हे तिघांचं घर. अशोक बलवंत रायच्या काळ्या धंद्यात अडकतो, एक दिवस गायब होतो, पुढे त्याचा खून होतो. आणि खुनाचा आळ येतो अजयवरच. वर वहिनीशी संबंध जोडतात. इंदूला ते सोसत नाही, ती जीव देते. मग तुरुंग, तिथले सोबती, पलायन आणि सूड.

"मले बलवंत रायच्या गोळीचं काही नाही वाटलं," मामा म्हणाला. "पण वहिनीवर आळ घेतला न, तेव्हा माझे हातपाय थरथरत होते. अख्खी टॉकीज चूप."

मामी वडाभात वाढत होती. वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी घातली आणि म्हणाली, "मले एक सांगा भाऊजी, तिले काऊन मारलं? जगली असती तर कोर्टात उभी राहून खरं सांगितलं नसतं का तिनं?"

"साक्षीदार विकत घेतलेले होते न वहिनी."

"तिले कोणी विकत घेतलं असतं? तुमच्या पिच्चरवाल्याले हिरोचं डोकं फिरवायचं होतं, म्हणून बाई मारली."

मामा गप्प. मला मामीचं शंभर टक्के पटलं. मलाही 'घायल' अतिशय आवडतो. सनी देओलचा राग मला आजही खरा वाटतो, कारण तो राग आधी घरात रुजलेला दिसतो. भावाच्या शोधात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारा अजय बघताना पोटात तुटतं. पण त्या काळातल्या सूडकथांनी बायकांना सर्रास असंच संपवलं. घराशी निष्ठा पुरुषानं हाणामारी करून सिद्ध करायची आणि बाईनं मरून, हे कितीतरी पिच्चरांत घडलं. मामीनं आयुष्यभर घर सांभाळलं, दिराला शिकवलं. तिला ते खटकणारच.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं खापरीकडे निघालो. वर्धा रोडवर सेंट्रल जेलचा परिसर आला तसा मामा पुन्हा रंगात आला. तुरुंग फोडायचा सीन त्यानं डब्यात उभ्या उभ्या करून दाखवला. शेजारचे एक काका लगेच सामील झाले, त्यांनी ओम पुरींचा एसीपी डिसूझा घेतला. मामी खिडकीपाशी बसली होती. तिनं मागं न बघता विचारलं, "अन् इंदूचं काम कोण करून राह्यलं?"

"तुम्हीच करा वहिनी," मामा म्हणाला.

"मंग मी मरणार नाही, आधीच सांगते," मामी म्हणाली आणि काकांना सरकून जागा करायला लावली.