पट्टी व्हायची आहे

चार-पाच अंशांच्या थंडीत बॉलपेन धड चालत नाही, हे मला बँकेत अकरा वर्षं काढल्यावर तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कळलं. सप्टेंबर संपत आला होता. बाहेर उकाडा, आणि आत मी हमालाकडून मागून घेतलेलं जर्किन घालून बेदाण्याच्या थप्प्या मोजतोय. पेन दर दोन आकड्यांनी रुसायचं, मी ते तळहातावर घासायचो.

खातं सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचं. आडत दुकान, शिवाय स्वतःची खरेदी. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं काढायच्या कर्जाची, मर्यादा 2 कोटी, आणि ती मीच बसवलेली. अंदाजे उलाढाल 10 कोटी, रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीने तिचे 20 टक्के, झाला प्रस्ताव. शेट दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशोब, आणून द्यायचे. अशा खातेदारावर आपला आपोआप विश्वास बसतो. बसू नये, पण बसतो.

शेवटच्या स्टेटमेंटप्रमाणे 15 किलोचे 21,000 बॉक्स, दर किलोला 120 रुपये, म्हणजे माल 3 कोटी 78 लाखांचा. त्यातून मालाची देणी 78 लाख वजा, राहिले 3 कोटी. 25 टक्के मार्जिन, म्हणजे शेटचा स्वतःचा वाटा, सोडलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मालावर काढता येईल ती रक्कम, सव्वादोन कोटी. मर्यादा 2 कोटी, उचललेले 1 कोटी 86 लाख. कागदावर सगळं ऐसपैस.

बॉक्सही भरले बरोबर. रांगा गुणिले उंची करत तिन्ही चेंबर फिरलो, 21,000 ला शे-दीडशे कमी. आता बाहेर पडून चहा घ्यायचा, एवढंच डोक्यात. तेवढ्यात पेन पुन्हा अडलं. ते घासत उभा होतो, आणि नाकासमोरच्या बॉक्सवरची चिठ्ठी वाचली. लॉट नंबर, खाली शेतकऱ्याचं नाव, गाव सावळज. शेजारच्या थप्पीवर दुसरं नाव, गाव मणेराजुरी.

मी शेटच्या दिवाणजींना विचारलं, ही नावं अजून कशी?

"सायब, त्यो माल शेटचा न्हाई. शेतकऱ्याचा हाय. पट्टी व्हायची हाय अजून."

बँकेत नवीन असणाऱ्यांसाठी सांगतो. आडत्याकडे माल येतो तो विकून देण्यासाठी. सौदा होतो, आडत, हमाली, तोलाई वजा होते, आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. तोवर तो माल शेतकऱ्याचाच. दुकानाच्या नावाने आणून ठेवला म्हणून आडत्याचा होत नाही. आणि आमचं नजरगहाण, म्हणजे माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून घेतलेलं तारण, चालतं ते कर्जदाराच्या मालकीच्या मालावर.

दिवाणजींची वही मागितली. 8,000 बॉक्स शेतकऱ्यांच्या नावाने. त्यातल्या 900 समोर लाल शाईत दुसऱ्या एका बँकेची तारण नोंद. शेतकऱ्याने स्वतःच पावती ठेवून कर्ज काढलेलं. म्हणजे त्या 900 बॉक्सवर दोन बँका निवांत बसलेल्या, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नाही. मी तिथेच एका रिकाम्या खोक्यावर बसून गणित मांडलं. 13,000 बॉक्स, 2 कोटी 34 लाख. देणी वजा जाता 1 कोटी 56. मार्जिन सोडून 1 कोटी 17 लाख. खातं 69 लाखांनी वर.

जूनमध्येही मी इथे आलो होतो. थप्प्या मोजल्या होत्या, चिठ्ठ्या वाचल्या नव्हत्या.

दुकानात गेलो तेव्हा शेट गादीवर होते. त्यांनी काही लपवायचा प्रयत्न केला नाही, उलट नवल केलं. "साहेब, त्या मालावर माझी उचल गेलीय सत्तरएक लाख. पोराचं लग्न, औषधाची उधारी, छाटणीची मजुरी, सगळ्याला मीच दिलेत. मग माल माझाच की!"

त्यांच्या लेखी ते खरंच होतं. पण उचल म्हणजे शेतकऱ्याला दिलेलं उसनं. तो स्टॉक नव्हे, विक्रीची उधारीही नव्हे, त्यावर ड्रॉइंग पॉवर मिळत नाही. आमचं कॅश क्रेडिट शेटच्या हातून द्राक्षबागांत पोचलं होतं. ताळेबंदात हे दिसायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. ताळेबंद 31 मार्चचा. तेव्हा बेदाणा अजून रॅकवर वाळत असतो, खरी उचल जाते एप्रिल-मे महिन्यांत.

बँकेतल्या माझ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, फ्रॉड आहे का? मी नाही म्हणालो. तसं लेखी देताना हात थोडा थरथरला, आणि इथे थंडीही नव्हती. ड्रॉइंग पॉवर खाली आणली, पैसे काढणं थांबवलं, विक्रीची प्रत्येक रक्कम आमच्याच खात्यात जमा करायची असं शेटकडून लिहून घेतलं. ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग 90 दिवसांहून जास्त राहिलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. कॅलेंडरवर मी ती तारीख गोल करून ठेवली.

वाचवलं ते झिरो पेमेंटने. दिवाळीच्या तोंडावर सांगली-तासगावात बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवतात आणि सगळे एकमेकांची येणी-देणी चुकती करतात. त्याआधीच्या सौद्यांत शेतकऱ्यांचा माल निघाला, पट्ट्या झाल्या, पट्टीतून उचल कापली गेली आणि खात्यात आली. 41 व्या दिवशी खातं जागेवर.

मर्यादेचं मात्र मला नव्याने बघावं लागलं. 20 टक्क्यांच्या पद्धतीत पैसा वर्षातून चारेक वेळा फिरतो असं गृहीत आहे. किराणा दुकानाला ते चालेल. बेदाण्याची खरेदी दोन-तीन महिन्यांत होते आणि माल दिवाळीपर्यंत पडून राहतो. हंगामात 2 कोटी पुरणारच नव्हते. पुढच्या नूतनीकरणात हंगामाची मर्यादा वेगळी, एरवीची वेगळी, आणि शेतकऱ्यांचा माल हिशोबाबाहेर.

त्यानंतरच्या पाच तारखेला शेट स्वतः स्टेटमेंट घेऊन आले. छापील फॉर्मवर फूटपट्टीने उभी रेघ मारून त्यांनी दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं 'माझा', दुसऱ्यावर 'पट्टी व्हायचा'.

"आता तरी आत यायला नको ना, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. या वेळी जर्किन घरून नेलं, आणि पेन्सिल.