कॉट परत नेली त्या दिवशी

आईला जाऊन चौदा दिवस झाले होते. सकाळी साडेदहाला भाड्याचं सामान देणाऱ्या दुकानातली दोन मुलं आली, तिची फाउलर कॉट (डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणारी), हवेची गादी आणि ऑक्सिजनचं मशीन न्यायला. अकरा महिने ती कॉट आमच्या सांगलीच्या घरात, पुढच्या खोलीत होती. मुलांनी ती तिरकी करून दारातून काढली. फरशीवर चार पायांचे गंजाचे डाग राहिले. ते पुसायला फडकं घेऊन मी वाकले आणि छातीवर कुणी पाटा आणून ठेवल्यासारखं झालं.

आधी वाटलं पित्त असेल. सकाळपासून नुसता चहा झाला होता. पण कळ जबड्यात चढली, ब्लाऊज घामानं भिजला, श्वास पुरेना. सूनबाईनं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता रिक्षा बोलावली. ती सोडा किंवा ओवा शोधत बसली नाही, हे तिचे माझ्यावरचे उपकारच.

हॉस्पिटलात पोचल्याबरोबर ईसीजी काढला, ॲस्पिरिन चावून खायला दिलं, रक्त घेतलं. ट्रोपोनिन वाढलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं. ‘हार्ट अटॅकच दिसतोय, अँजिओग्राफी लगेच करू,’ डॉक्टर म्हणाले. यांनी थरथरत्या हातानं सही केली. मनगटातून नळी घातली तेव्हा फारसं दुखलं नाही. टेबलावर पडल्या पडल्या मनात एकच येत होतं, की आईच्या मासिक श्राद्धाचं कोण बघणार.

थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. अडथळा कुठंच नाही.’

बाहेर सगळ्यांना हायसं वाटलं. दादा आत आला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘चला, म्हणजे काहीच नाही. तू उगाच मनाला लावून घेतलंस.’ तो प्रेमानंच बोलला, हे मला ठाऊक आहे. पण इकडे मला दोन उशा लावूनही धड पडवत नव्हतं आणि शेजारचं मॉनिटर सारखं वाजत होतं.

खरं काय झालंय ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं. हृदयाचा वरचा भाग जोरानं आवळत होता आणि खालचं टोक फुग्यासारखं फुगून नुसतं थांबलं होतं. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला किती बाहेर ढकललं जातं ते, 35 टक्के. एरवी 55च्या पुढे असायला हवं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. तोंड निमुळतं, बूड गोल, आपल्या तांब्यासारखं. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायला अशाच आकाराचं मडकं वापरतात, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. 1990 साली तिथल्याच डॉक्टरांनी या आजाराला ते नाव दिलं. मोठा धक्का बसला की ॲड्रिनलीनसारखी संप्रेरकं रक्तात एकदम उसळतात, आणि त्या माऱ्यानं हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असं त्यांनी सांगितलं. 2004 साली जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा तिथं असे रुग्ण एकाएकी वाढले होते. दहांत नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. मी अठ्ठावन्न वर्षांची.

मग त्यांनी माझी सगळी हकीकत विचारली, नुसती त्या दिवसाची नव्हे. आईला अंथरुणाची जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. अकरा महिन्यांत सलग चार तास मी कधी झोपले, ते मला आठवेना. माझी बीपीची गोळी किती वेळा राहिली, याचा हिशेब नव्हता. आईची एकही चुकली नव्हती. तेराव्याला दोन दिवस चुलीपाशी उभी होते. डॉक्टर म्हणाले, ‘हा धक्का नुसता दुःखाचा नाही. अंगमेहनत, जागरण, मोठं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, दम्याचा जोराचा अटॅक, यांतल्या कशानंही हे होऊ शकतं. तुमच्याकडे दोन्ही एकदम आलं.’ ते ऐकून मी त्या घटनेनंतर पहिल्यांदा रडले. आईसाठी तोवर रडलेच नव्हते. पाहुण्यांचा चहा, भटजींची यादी, यातच दिवस गेले होते.

आयसीयूत चार दिवस काढले. पहिले दिवस जपायचे असतात, फुप्फुसात पाणी साठू शकतं, ठोके बिघडू शकतात, काहींचा जीवही जातो. मला लघवी होण्याची गोळी, ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर आणि हृदयावरचा ताण कमी करणारी आणखी एक गोळी सुरू झाली.

घरी आल्यावरचे दिवस जास्त जड गेले. जरा ठोका चुकला की हात छातीवर जायचा. भेटायला येणारे म्हणायचे, ‘ब्लॉक नाही ना, मग चिंता नाही.’ त्यांना समजावून सांगता सांगता मी थकायचे. शेवटी यांनीच दारात सांगायला सुरुवात केली, की हिच्या हृदयाला मार बसलाय, दहा मिनिटं बसा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात चालले, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुपारी झोपायची सवय नव्हती, ती लावून घेतली. कुणी आईबद्दल बोललं तर विषय बदलणं सोडलं. रडू आलं तर सूनबाई शेजारी बसून राहायची, ‘गप्प हो’ म्हणायची नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा इको झाला. या वेळी मीच स्क्रीनकडे बघत होते. ते खालचं टोक हलत होतं. 58 टक्के. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या, आणि बजावलं की काहींना हे परत होतं, छातीत असं दुखलं तर ‘मागच्यासारखंच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. हा झटका की ताकोत्सुबो, ते घरी बसून कुणालाच कळत नाही.

त्या रविवारी दादा आला. चहा झाल्यावर त्यानं माझी फाइल मागितली, चष्मा लावला आणि दोन्ही इकोचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचत बसला.

‘35 म्हणजे किती कमी गं?’ त्यानं विचारलं.

मी त्याच्याजवळ सरकून बसले आणि त्याला तांब्याचं चित्र काढून दाखवलं.