मुस्तफा, आठवडा 6: लेकीबरोबर बुचरपर्यंत

घरी पार्लरमधला जुना मुस्तफा गेम जोडतोय, त्याचा हा सहावा आठवडा. मागच्या वेळी रडत होतो ना की जॉयस्टिक वर ढकलली की गडी डावीकडे चालतो, ते निघालं शेवटी, जॉयस्टिकखालच्या बारक्या स्विचच्या (मायक्रोस्विच) दोन वायरी आपल्याच हातून उलट्या लागलेल्या. गेमचं सर्किट बोर्ड ओरिजिनल आहे, बंद पडलेल्या एका पार्लरमधलं, बॅटरी आधीच बदलून घेतली कारण क्यूसाउंडवाल्या (म्हणजे त्या साउंड सिस्टिमच्या) बोर्डाची बॅटरी मेली की बोर्डच जातं.

नवीन मंडळींसाठी, मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. आमच्याकडे हे नाव कुणीच घेतलं नाही, पिवळी टोपीवाला पळत येऊन लाथ घालतो म्हणून गेमच मुस्तफा. खरा हिरो जॅक टेनरेक, गाडीपण त्याचीच, पण जॅक यायचा उशिरा पोचलेल्याच्या वाट्याला. आणि हा गेम घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही, 2018 मध्ये कॅपकॉमनं सात जुन्या गेमचा बंडल काढला त्यातपण नाही.

आता मुद्द्याचं. पोरगी आठ वर्षांची, तिच्याबरोबर खेळावा की नाही यावर घरी दोन दिवस चर्चा. मला टेन्शन बंदुकांचं, कारण पिस्तूल, शॉटगन, बझूका सगळं जमिनीवर पडलेलं मिळतं आणि सुरा लागला की रक्तही दिसतं. म्हणून नियम केला, बंदूक उचलायची नाही. तर बाईसाहेबांनी निवडली हॅना, जिची खासियतच हत्यारं चालवणं 😅 मग तडजोड झाली, दगड चालेल, बंदूक नाही.

आणि अडलं भलतीकडेच. गुंडांना ती खुशाल बुकलत होती, आजी मागून "अगं केवढी ती मारामारी" म्हणत होती तिकडे लक्षच नाही, पण डायनासोर आला तशी हिनं बटणावरून हातच काढला. "त्याला का मारायचं? त्यानं काय केलंय?" आता गोष्टच अशी की 26व्या शतकात शिकारी लोक डायनासोर मारतायत आणि आपण ते थांबवायला निघालोय, मग चिडलेला डायनासोर अंगावर आला तर आपण काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे पण नव्हतं. लहानपणी कधी विचारच केला नाही, रुपया संपायच्या आत पुढं जायचं एवढंच. आता डायनासोर आला की ती वरच्या कोपऱ्यात पळते, मी एकटा सांभाळतो, एनर्जी माझी जाते.

प्रोग्रेस: दोघं मिळून बुचर (दुसऱ्या स्टेजचा बॉस) पडला, तोही चार क्रेडिटवर, म्हणजे चार नाण्यांत. त्याच्या सरळ रेषेत उभं राहायचंच नाही, तिरकं वरून यायचं, दोन बुक्के आणि बाजूला. अटॅक आणि जंप एकत्र दाबायची सवय तिला लागलीय, त्यात आपलीच एनर्जी कापली जाते हे सांगून दमलो. मी एकटा एका क्रेडिटवर गाडीच्या स्टेजला पोचलो, तिथल्या बॉसनं, हॉगनं झोपवलं.

तिसरा प्लेअर आजी आहे. तिला मेस हवाय, गेममधला चौथा गडी, "तो जाडा बरा दिसतो". पण तिसऱ्याच्या वायरी जॅमावर (बोर्डाच्या नेहमीच्या कनेक्टरवर) येतच नाहीत, वेगळा कनेक्टर लागतो. आणि प्लायला बटणांसाठी 30 एमएमची भोकं पाडायला होल सॉ कुणी दोन दिवस उसना देईल का?