पोळीच्या डब्याचं झाकण आन् बारा पल्ल्यांची पट्टी

सुतारकामात वीस वर्षं झाली पण नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या किचनसारखी फजिती माझी कधीच झाली नव्हती. मे महिना, नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वात कडक नऊ दिवस, लागायला दोनतीन दिवस, पारा पंचेचाळीसच्या पार, आणि काकूंकडे नातवाची मुंज आठ दिवसांवर. कपाटं चांगली मजबूत, प्लायची, वर दहाबारा वर्षांपूर्वीचा पांढरा ऑइलपेंट, अजूनही चकचकीत. नवीन किचन नको म्हणे, याच पल्ल्यांवर, म्हणजे कपाटांच्या दारांवर, चौकटीसारखी लाकडी पट्टी मारून पिस्ता कलर द्या, जुना लुक यायला पाहिजे. मोबाईलवर अमेरिकेतल्या 1940-50 च्या किचनचा फोटो होता, सिंकवरच्या खिडकीला लाटालाटांची लाकडी झालर. काकू म्हणाल्या, "अशी तर महाल भागातल्या आमच्या माहेरच्या वाड्याला होती, छपराच्या खाली, त्यात नवीन काय आहे बापा!" खरंच आहे. ती झालर सागवानाची असणार, नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हापासूनचं इकडचं सागवान, बाजारात अजूनही त्याला सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) टीकच म्हणतात. आपल्या बजेटात मात्र पाइनची बीडिंग, म्हणजे बारीक तयार पट्टी.

पहिल्या दिवशी घाई केली, ते कबूल करतो. पट्टी हलकी आहे, फेविकॉलवर बसून जाईल, खिळे मारले की भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, घासा, दोन दिवस जातात, असा हिशोब. कोपरे पंचेचाळीसात कापले, सहा पल्ले चिकटवले, चिकटपट्टी लावून ठेवले, संध्याकाळी हात लावून पाहिलं तर एकदम पक्कं. घरी जाऊन मस्त झोपलो.

सकाळी हाताखालचा पोरगा कडा घासायला बसला आणि दोन मिनिटांत हाक, "दादा, हे पाहा ना." पट्टी त्याच्या हातात. मागच्या बाजूला पांढऱ्या पेंटची पापडी, केळीची साल निघते तशी, अखंड. दुसरी ओढली, तीपण. तिसरीला तर पेंटही आला नाही, फेविकॉलची नुसती काचेसारखी पट्टी सुटून आली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, फेविकॉल लाकडाच्या रेषांत मुरतो म्हणून धरतो, ऑइलपेंटवर त्याला मुरायला जागाच नाही, आणि जिथं धरला तिथं त्यानं लाकूड नाही, जुना पेंट धरला, तो पेंटच पल्ला सोडून आला. काकू मागं उभ्या. काही बोलल्या नाहीत, कूलरचं पाणी पाहायला गेल्या, ते जास्त लागलं मनाला.

मग सगळं उतरवलं. पट्टी जिथं बसणार तेवढीच जागा पेन्सिलनं आखून 80 नंबरच्या पेपरनं लाकूड दिसेपर्यंत घासली, बाकी पल्ला नुसता खरबरीत केला, पेंट धरण्यापुरता. पट्टी दहा मिलीमीटर जाडीची, पल्ला अठराचा, म्हणून पाऊण इंची बिनडोक्याचे खिळे, जास्त लांब घेतले तर आतून टोक निघण्याची भीती. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली नाहीतर दुसरी फजिती ठरलेली होती, मी पट्टी पल्ल्याच्या अगदी कडेला लावत होतो. बिजागरीकडची कड जाड झाली की पल्ला उघडताना शेजारच्याला घासतो, आणि एल आकाराच्या किचनच्या कोपऱ्यातला ड्रॉवर तर समोरच्या पट्टीवरच आपटत होता. सगळ्या पट्ट्या कडेपासून दोन इंच आत घेतल्या. दिसायलाही तेच बरं, जुन्या फडताळाच्या दारासारखं.

झालरीत मात्र मजा आली. खिडकीची रुंदी 38 इंच, आठ लाटा केल्या तर एकेक पावणेपाच इंचाची बसते. कंपास वर्कशॉपला राहिला. काकूंनी वाट्या आणल्या, आमटीची, चटणीची, एकीनं लाट इतकी खोल यायची की दोन लाटांमधलं टोक पहिल्याच धक्क्यात तुटलं असतं. शेवटी पोळीच्या डब्याचं झाकण, आठ इंची. त्याच्या गोलाईचा थोडा भागच आखायला वापरायचा, म्हणजे लाट जेमतेम पाऊण इंच खोल. काकूंनी झाकण धरलं, मी आखलं, दर लाटेला "इकडे सरकवा ना थोडं" चालू. जिगसॉनं कापली, पेपर मारला, प्रायमर, दोन हात पिस्ता. मुंजीच्या आदल्या रात्री दहाला शेवटची मूठ बसवली.

पैसे द्यायच्या आधी काकूंनी चष्मा लावला आणि बाराही पल्ल्यांची पट्टी एकेक करून नखानं उचकून पाहिली.