घरचे दांडे वाकत कसे नाहीत

पडद्याचे दांडे घरीच केलेत असं सांगितलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मग वाकत कसे नाहीत?" माणूस नागपूरचा असेल तर लगेच दुसराही येतो, "अन् पैसे किती वाचले बाप्पा?"

पैशांचं आधी सांगते. दांडा, ब्रॅकेट आणि टोकांची फुलं असा तयार सेट घेतला तर जे पडतं, त्याच्या निम्म्याहून कमीत काम झालं. ही बचत पाइपात आणि टोकांच्या नक्षीत होते. भिंतीत जाणाऱ्या स्क्रू आणि गिट्ट्यांमध्ये (स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवतात त्या खुंट्या) चार पैसे वाचवायला जाऊ नका, कारण दांडा तुटून पडदा खाली आल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. येतो तो भिंतीतून उपटूनच.

आता वाकण्याचं. आपल्याकडे पडदा केवळ शोभेला नसतो. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पश्चिमेच्या खिडकीशी उभं राहवत नाही. म्हणून पडदा जाड हवा, त्याला अस्तर हवं. (खरं तर ऊन खिडकीच्या बाहेरच अडवलेलं बरं, बांबूची चिक लावून. काचेतून एकदा आत आलं की ते पडद्यालाच तापवतं. पण रस्त्याकडच्या खिडकीला पडदा लागतोच.) असा पडदा भरपूर चुण्यांसाठी दांड्याच्या दीडपट-दुप्पट रुंद शिवला, की त्याचं वजन झिरझिरीत पडद्याच्या कितीतरी पट होतं.

दांड्याचा झोक, म्हणजे तो मधोमध जेवढा खाली वाकतो ते, लांबीवर फार वेगाने वाढतो. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मधला झोक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून चार फुटांच्या खिडकीवर छान दिसणारा पाइप हॉलच्या आठ फुटांवर धनुष्यासारखा होतो. त्यावर उपाय दोनच, मध्ये एक ब्रॅकेट किंवा जास्त व्यासाचा पाइप. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाऊण इंचीऐवजी एक इंची पाइप घेतला तरी ताठपणा दुपटीहून वाढतो. मधल्या ब्रॅकेटमुळे रिंगा आरपार सरकत नाहीत, पण दोन पडदे दोन बाजूंना असले तर त्याचं काही अडत नाही.

लोक सगळ्यात आधी विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप उचलतात, कारण तो स्वस्त असतो आणि करवतीने सहज कापला जातो. पण तो लोखंडापेक्षा कितीतरी पट लवचीक, त्यात आपल्या उन्हाळ्यात आणखी मऊ पडणारा. न्हाणीघराच्या पडद्याला चालेल, इतर कुठे नको.

मी फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची, १८ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) लोखंडी गोल पाइप घेतला. पूर्ण नग २० फुटांचा येतो. चार फुटांच्या खिडकीला दोन्हीकडे सहा-सहा इंच सोडले की पाच फूट होतात, म्हणजे एका नगात चार खिडक्या आणि वाया काहीच नाही. तुकडे त्यालाच करायला सांगा. कापलेल्या कडेची धार मात्र कानशीने स्वतः घासा, नाहीतर पडद्याचे धागे निघतात. मग रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्रायमरचा, हात आणि त्यावर ऑइल पेंट. रेड ऑक्साइड टाळू नका, कारण कूलरची ओली हवा त्याच खिडकीतून येते आणि उघडं लोखंड एका उन्हाळ्यात गंजतं. रंग पुरता वाळल्याशिवाय रिंगा चढवू नका, त्या चिकटतात.

बांबूबद्दलही विचारतात. गडचिरोली-चंद्रपूर शेजारी असताना का विचारणार नाहीत! बुरडाकडून सरळ, भरीव, पूर्ण वाळलेला घ्या. वजनाच्या मानाने तो चांगलाच ताठ असतो. पेरं सँडपेपरने घासावी लागतात, नाहीतर रिंगा प्रत्येक पेरावर अडतात. खरी भीती भुंग्याची. खिडकीखाली पिवळसर पीठ दिसायला लागलं की समजायचं. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला मिळाला तरच बांबूच्या वाटेला जा.

ब्रॅकेट म्हणजे साधी एल पट्टी आणि पाइप धरणारी क्लिप, दोन्ही इतवारीच्या बाजारात मिळतात. खिडकीवर सिमेंटचा लिंटेल (आडवी तुळई) असतो आणि तो दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेला असतो, त्यामुळे साधं ड्रिल तिथे नुसतं तापतं. हॅमर ड्रिलवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि सगळ्या खिडक्या एकाच फेरीत करून घ्या. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या चुन्याच्या भिंतीची गोष्ट उलटी. भोक पाडलं की चुरा पडतो आणि गिट्टी सैल बसते. अशा भिंतीवर सागाची लांब पट्टी पाच-सहा स्क्रूंनी ठोका, स्क्रू विटेत जातील असे, दोन विटांमधल्या दर्जेत नकोत. मग ब्रॅकेट त्या पट्टीवर. एकट्या स्क्रूवर येणारा भार असा वाटला जातो.

टोकांना काय लावलंय हेही हमखास विचारतात. ते खुर्चीच्या पायाचे रबरी बूट आहेत. एक इंची पाइपला घट्ट बसतात, आणि काळे असल्यामुळे काळ्या रंगवलेल्या दांड्यावर वेगळे दिसतही नाहीत.