तुम्ही विचारलंत म्हणून: अजून धोट्याचेच माग का?

पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, प्रोजेक्टसाठी आलेली कॉलेजची पोरं विचारतात, बँकेत गेलं की साहेब विचारतात: "सगळं जग रॅपिअर आणि एअरजेटवर गेलं, सोलापुरात अजून धोटाच खडखडतोय. तुम्ही लोक बदलत का नाही?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. आळशी आहेत, जुन्या डोक्याचे आहेत, अनुदानाची वाट बघत बसलेत. हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय, म्हणून एकदा नीट लिहितो. टॉवेलचं सविस्तर, चादरीचं शेवटी थोडं. धोटा म्हणजे बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी ठोकळा. रॅपिअरमध्ये तोच धागा चिमटा ओढून नेतो, एअरजेटमध्ये हवेचा झोत.

आधी वेग, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. ३० बाय ६० चा टॉवेल, इंचाला ४० पीक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) धरा. म्हणजे एका टॉवेलला २४०० पीक. धोट्याचा माग मिनिटाला १२० मारतो, म्हणजे न थांबता २० मिनिटं. रॅपिअर ३०० मारतो, आणि पन्हा मोठा असल्याने शेजारी शेजारी तीन टॉवेल विणतो. ८ मिनिटांत तीन नग. कागदावर ही लढत सुरू होण्याआधीच संपते, आणि विचारणारा इथेच थांबतो. शेड मात्र कागदावर चालत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये काय झालं ते सांगतो. नाव घेत नाही, कारण तसंच इतरांचंही झालंय. मालकाने चार सेकंडहँड रॅपिअर आणले. फाउंडेशन झालं, स्टॅबिलायझर बसला, माग फिरायला लागले. सूत मात्र नेहमीचंच: हँकमध्ये (लडीत) रंगवलेलं, हाताच्या वाइंडिंगवर कोनावर (शंकूसारख्या नळीवर) घेतलेलं. इथेच मेख आहे. हँक रंगवताना सूत पिंजारतं, वाइंडिंगला गुंततं, तुटतं, आणि प्रत्येक तुटीला गाठ बसते. धोट्याच्या मागावर ताण कमी आणि चाल संथ, म्हणून ती गाठ हेल्डच्या (उभा धागा उचलणाऱ्या तारेच्या) डोळ्यातून आणि फणीतून कशीबशी निघून जाते. रॅपिअरवर तीच गाठ फणीला अडते आणि धागा तुटतो.

आता हिशेब बघा. चांगल्या सुताला एका टॉवेलच्या ताण्यात (उभ्या धाग्यांत) लाख पिकांमागे १० तुटी धरा. धोट्याच्या मागाला लाख पीक मारायला जवळजवळ १४ तास लागतात, म्हणजे ८३ मिनिटांनी एक तूट. रॅपिअरला लाख पीक साडेपाच तासांत होतात, आणि ताणा तिप्पट आहे म्हणून तुटी ३०. दर ११ मिनिटांनी एक. हे चालतं, परवडतं. पण गाठाळ सुताने तुटी १० च्या ३० झाल्या की रॅपिअर दर पावणेचार मिनिटांनी थांबतो. टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम (रूळ) असतात, एक ग्राउंडचा, म्हणजे खालच्या कापडाचा, एक पाइलचा, म्हणजे वरच्या लूपचा. तुटलेला धागा शोधा, सांधा, ड्रॉप पिन (धागा तुटला की पडून माग थांबवणारी पट्टी) उभी करा, पीक जुळवा. सराईत हाताला तीन मिनिटं. म्हणजे माग जितका चालतो जवळपास तितकाच उभा राहतो, आणि एका धाग्यासाठी तीन टॉवेल उभे राहतात. शिवाय पीक नीट न जुळवता चालू केला की कापडात पट्टी पडते. टॉवेलमध्ये दोन पीक सैल ठेवून तिसऱ्याला फणी तिन्ही पीक एकदम दाबते, तेव्हा पाइलचा लूप उभा राहतो. हा क्रम चुकला की त्या ओळीत लूप नसतो. तो नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात.

त्यात मे महिना. सुती विणाईला शेडमध्ये ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्रा, म्हणजे धागा कोरडा होऊन ठिसूळ. धोट्याच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारून निभतं. रॅपिअरला निभत नाही, ह्युमिडिफिकेशन लावावं लागतं, आणि त्याचं वीजबिल कोटेशनमध्ये कुणी दाखवलेलं नसतं.

एवढं करून माल निघाला, तर किनार नाही. धोटा बाणा घेऊन परत फिरतो म्हणून टॉवेलला दोन्ही बाजूंनी बंद किनार आपोआप मिळते. फक्त दोन टोकं शिवायची, ३० अधिक ३०, एकूण ६० इंच. रॅपिअर प्रत्येक पीक कापतो. लेनोने (कडेचे धागे एकमेकांना पिळून) कड धरली तरी ती उसवू नये म्हणून बाजूही दुमडून शिवाव्या लागतात: आणखी १२० इंच. म्हणजे शिलाई तिप्पट. त्यासाठी लांबीची हेमिंग मशीन हवी, आणि डिझाइनमध्येच दोन्ही कडांना बिनपाइलची साधी पट्टी सोडलेली हवी. या शेडने जुनंच डिझाइन चढवलं होतं. दुमडल्यावर पाइलवर पाइल आली, सुई मोडायला लागली, कड डोंगरासारखी जाड. व्यापाऱ्याने मालाचे गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. त्या मालकाचा चेहरा ज्यांनी बघितला ते पुढची कित्येक वर्षं रॅपिअरचं नाव काढत नाहीत, आणि तुम्ही त्यांना जुन्या डोक्याचे म्हणता.

यंत्र बदललं, पण सूत, रंगाई, वाइंडिंग, डिझाइन, शिलाई यातलं काहीच बदललं नाही. कोन डाइंग करून (कोनावरच रंगवून) आणि गाठीऐवजी स्प्लाइस (टोकं एकमेकांत गुंफलेला सांधा) असलेलं सूत घ्यायला हवं होतं. पण कोन डाइंगवाला छोटा लॉट घेत नाही आणि हँकवाला पाच किलोसुद्धा रंगवून देतो. सात-आठ रंगांत थोडा थोडा माल काढणाऱ्याने काय करायचं?

पैशाचंही तसंच. यंत्रं बदलायला मदत देणारी केंद्र सरकारची टफ्स योजना १९९९ साली आली, सुधारित टफ्समध्ये विणाईला १० टक्के अनुदान होतं आणि तेही नव्या यंत्रालाच. तिची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. त्या सुधारित योजनेत सेकंडहँड घेणारा सुरुवातीपासूनच बाहेर होता.

पूर्वी याच प्रश्नाला मी "धोटा ही सोलापूरची ओळख आहे" असं उत्तर द्यायचो. ते सगळं खोटं नव्हतं. पण त्या उत्तरात कामगाराचा कान कुठेच नव्हता. लाकडी धोटा मिनिटाला १२० वेळा पेटीवर आदळतो, आणि एका पत्र्याखाली असे वीस-पंचवीस माग. आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबलची. शेडमध्ये शेजारच्याच्या कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. बहिरेपण आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, उंच स्वरांत येतं. म्हणून माणसाला आवाज कळतो, पण स, फ, थ अशी अक्षरं गळतात, आणि घरचे म्हणतात, "हल्ली लक्षच देत नाहीत." गेलेलं परत येत नाही. धोटा उडून डोळ्याला लागण्याची भीती आहेच. गार्ड आडवा येतो म्हणून काढून ठेवलेला असतो. रॅपिअरही गोंगाट करतो, पण धोट्याचा मार त्यात नाही. माग बदलायला हवेत, याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे. उत्पादन त्यानंतर.

आणि कांडी (धोट्यात बसणारी बाण्याची नळी) भरणाऱ्या बाया? रॅपिअरला कांडी लागतच नाही, बाणा थेट कोनावरून जातो. त्यांचं काम पहिल्याच दिवशी संपतं. वाढलेली १२० इंच शिलाई त्यांना शिकवता येईल, असं म्हणायला सोपं आहे. सरळ हेम, एकसारखी दुमड, तुटलेली सुई शोधून बाजूला ठेवणं, हे शिकेपर्यंत नगावरची मजुरी किती पडणार आणि ती तूट कोण भरणार, यावर मालक बोलत नाहीत. जॉबरचंही, म्हणजे माग दुरुस्त करून लावणाऱ्याचंही, तेच. तो कानाने मागाचा दोष ओळखतो. रॅपिअरच्या डिस्प्लेवर दोषाचा कोड इंग्रजीत येतो, आणि घरात तेलुगू, शेडमध्ये मराठी बोलणाऱ्या माणसाला तो कुणी समजावून दिलेला नसतो. आयटीआयच्या पोराला कोड वाचता येतो, पण पाइल बीमचा ताण हाताने कळत नाही. दोघांना एका मागावर वर्षभर ठेवायला हवं. तेवढा पगार काढणारी शेड मला अजून दिसलेली नाही.

तरी घ्यायचाच असेल तर आधी असं करा. चालू मागांना वार्प स्टॉप मोशन (ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारी सोय) बसवा आणि तुटी फळ्यावर लिहायला लागा: ग्राउंडच्या किती, पाइलच्या किती, गाठीमुळे किती. मग स्वतःच्याच सुताचा एक बीम दुसऱ्याच्या रॅपिअरवर मजुरीने विणायला देऊन पूर्ण उतरवा आणि तिथेही तेच लिहा. एका टॉवेलच्या ताण्याला लाख पिकांमागे १०-१२ च्या वर तुटी गेल्या, तर पैसे यंत्रात घालू नका, सुतात घाला. हेमिंग मशीनचं कोटेशन मागाच्या कोटेशनसोबतच मागवा.

चादरीबद्दल मला असं ठाम सांगता येत नाही. पंचकार्डाच्या जॅकार्डला (छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्राला) दर पिकाला एक कार्ड लागतं. डिझाइन बदलायचं तर अख्खी माळ नव्याने पाडायची, आणि पावसाळ्यात पुठ्ठा फुगला की सुई भलतीकडेच जाते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर फाइल बदलली की झालं. पण जाड बाणा, दुहेरी कापड आणि शंभर-दोनशे नगांची ऑर्डर, या तिन्हींचा त्या यंत्राच्या किमतीशी मेळ बसत नाही. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा या शेवटच्या हिशेबापासून सुरुवात करा.